खावटी कोणाच्या नावावर

मितेशने पाकीट बाकावरून तिच्याकडे सरकवलं. बायजाबाईने ते उचललं नाही. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी आत घातली आणि नोटांच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"शंभराचं अख्खं बंडल. बँकेची पट्टी पण काढलेली न्हाय," ती म्हणाली. "वर पाचशेच्या अकरा."

"पंधरा हजार पाचशे आहेत, मावशी. तुम्ही आजपर्यंत मला दिलेले सगळे. मोजून घ्या."

"मोजले की. तुझ्या खिशात बँकेची पट्टी कधीपासून राहायला लागली ते बघत होते."

मितेशने गळ्यातली पांढरी पट्टी नीट केली. ती नीटच होती.

ग्राहक आयोगाच्या व्हरांड्यात त्या सकाळी पंधरावीस माणसं बसली होती. कुणाचा फ्रीज बिघडला होता, कुणाला बिल्डरने फसवलं होतं, कुणाचा विमा अडला होता. बायजाबाईचा उजवा खांदा होता. सहा वर्षांपूर्वी ती भिवंडीजवळच्या अंजूरला एका गोदामाच्या कॅन्टीनमध्ये दिवसाला दोनशे तांदळाच्या भाकऱ्या थापायची. स्वयंपाकातल्या माणसांना टायफॉईडची लस टोचून घ्यावी लागते, म्हणून गोदामातल्या कंपनीने शिबिर भरवलं आणि माणशी साडेतीनशे रुपये पगारातून कापले. टोचणाऱ्याने घाईत सुई दंडात मारण्याऐवजी वर, थेट सांध्यात घुसवली. तेव्हापासून तो हात छातीच्या वर जात नव्हता. हाडाच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं. लसीवर तिचा राग नव्हता. नातवंडांना उचलून नेऊन तिनेच सगळ्या लशी टोचून आणल्या होत्या. "लशीचं काय न्हाय, सुई चार बोटं वर गेली," एवढंच ती सांगायची. आणि साडेतीनशे कापल्याची पगाराची चिठ्ठी दाखवायची, कारण पैसे घेतले म्हणून ती ग्राहक ठरली होती आणि ग्राहक ठरली म्हणून इथे बसली होती.

पाकिटाखाली एक टाइप केलेला कागदही होता. मितेशने तो अर्धा बाहेर काढला.

"हे आज आत द्यायचंय. पुरसिस म्हणतात. मी या प्रकरणातून बाजूला होतो, एवढंच लिहिलंय. तुमचा अंगठा... सही पाहिजे खाली."

"का होतोस बाजूला?"

"परवडत नाही, मावशी. चाळीस हजारांत उक्तं ठरलं, तेव्हा वाटलं होतं वर्षा-दीड वर्षात निकाल लागेल. आज बत्तिसावी तारीख. येण्याजाण्यातच दीडशे जातात. पूर्ण दिवस मोडतो."

"खरं हाय," बायजाबाई म्हणाली.

खरंच होतं ते. फक्त त्या लहान लहान खऱ्या गोष्टींच्या आडोशाला एक मोठी गोष्ट उभी होती आणि ती बायजाबाईला सोमवारीच कळली होती. गोदाम झाडणाऱ्या रंगूबाईने सांगितलं होतं. ते गोदाम ज्या जमिनीवर होतं, ती जमीन मितेशच्या वडिलांची, केसरीनाथ शेठची, हे तिला आधीच माहीत होतं; नवं होतं ते पुढचं. पुढच्या महिन्यात भाड्याचा करार नव्याने व्हायचा होता. रविवारी कंपनीचा मॅनेजर शेठच्या ओटीवर चहा पिऊन गेला होता. पट्टीच्या नोटा कोणाच्या तिजोरीतून निघाल्या, हे कळायला त्यापुढे वकिली शिकायची गरज नव्हती.

"दुसरा वकील मिळेल तुम्हाला," मितेश म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"मिळंल. पण तो पयल्या पानापासून वाचंल. वाचेस्तोवर दोन वर्षं. त्यात कंपनीनं अर्ज टाकायचा, की बाई येत न्हाय, वकील न्हाय, बंद करा. आणि बंद झालं की झालं." तिने पाकीट आपल्या कापडी पिशवीत टाकलं, वहीच्या शेजारी. कागद तेवढा त्याला परत दिला. "सही मंग करते. आधी आत जाऊन येऊ. आजचा दिवस तर मोडलासच ना तू? एवढ्या लांब आलास."

मितेशने कागद फाइलीत वरच ठेवला.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. बायजाबाईचा नवरा राघो अंबाडीकडचा. बारा हंगाम तो वीटभट्टीवर मुकादम होता आणि भट्टीवर मजुराचा हिशेब हंगाम संपल्यावर होतो. तोवर त्याने खायचं काय? म्हणून दर आठवड्याला त्याला थोडे पैसे मिळतात, ती खावटी. शेवटच्या हिशेबातून ती वजा होते. राघो वही लिहायचा, बायजाबाई पैसे वाटायची, आणि बारा हंगामांत एकही मजूर त्यांच्याकडून अर्ध्यात पळाला नव्हता. तिचं म्हणणं असं, की माणूस पैशाने बांधला जात नाही. दर आठवड्याला हातावर थोडं ठेवलं की त्याला पळायची लाज वाटते.

म्हणून मितेश तिचा वकील झाला, तेव्हा तिने त्यालाही खावटी लावली. तारखेला पाचशे. राघो रात्री नवी ओळ घालायचा: कोण आलं, कोण नाही आलं, मुदत कोणी मागितली, का मागितली, वकिलाची खावटी दिली. तिला माहीत नव्हतं, की कोर्टाच्या आवारात खावटी म्हणजे दुसरंच काही. नवऱ्याने टाकलेल्या बाईला तो दरमहा देतो, ती खावटी. "घे रे तुझी खावटी," असं ती व्हरांड्यात मोठ्याने म्हणायची, तेव्हा आजूबाजूच्या बायका आधी तिच्या पांढऱ्या केसांकडे बघायच्या, मग या तिशीतल्या वकिलाकडे, आणि मग एकमेकींकडे. मितेशने दोनदा समजावून पाहिलं. तिसऱ्यांदा सोडून दिलं.

शिपायाने नाव पुकारलं.

आत पंखा फिरत होता आणि अध्यक्ष मॅडम चष्मा पुसत होत्या. कंपनीचे वकील आधीच उभे होते. गृहस्थ नम्र होते. मुदत मागताना त्यांच्या आवाजात अशी काही वेदना यायची, की नाही म्हणणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. टोचणाऱ्या माणसाचं शपथपत्र त्यांनी द्यायचं होतं. ते सहा तारखांपासून तयार होत होतं.

"मॅडम, शपथपत्र अगदी तयार आहे. सहीसाठी गेलंय. एक शेवटची तारीख द्यावी, ही विनंती."

मॅडमनी डायरी उघडली. "तक्रारदाराचं काय म्हणणं?"

मितेशने फाइल उघडली. वरचा कागद हातात घेतला. तो उठणार, एवढ्यात शेजारी बांगड्या वाजल्या.

"मॅडम, एक इचारू?"

"तुमचे वकील आहेत ना, बाई? त्यांना बोलू द्या."

"त्यांच्याबद्दलच इचारते. आजची त्यांची खावटी कोणाच्या नावावर?"

टाइप करणाऱ्या बाईची बोटं थांबली. मॅडमनी चष्मा चढवला.

"खावटीचे दावे इथे चालत नाहीत. त्याला कौटुंबिक न्यायालय आहे." मग त्यांनी मितेशकडे नीट पाहिलं. "हे तुमचे कोण?"

"माझे वकील."

मागच्या बाकावरून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "वकिलाने टाकली वाटतं बाईला."

सगळी खोली हसली. कंपनीचे वकीलसुद्धा, नम्रपणे. एक मितेश हसला नाही. त्याच्या हातातल्या कागदावर जवळजवळ तेच लिहिलेलं होतं.

बायजाबाई हसू संपेपर्यंत थांबली. घाई तिला नव्हतीच. सहा वर्षं झाली होती.

"तसली न्हाय, मॅडम. भट्टीवरची," ती म्हणाली. आणि भट्टी, हंगाम, आठवडा, हिशेब, सगळं तिने चार वाक्यांत सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या, कदाचित फ्रीजच्या तक्रारींपेक्षा हे बरं म्हणून. "आता भट्टीवर एक कायदा हाय. मजूर आजारी पडला, दांडी मारली, तर त्या दिवसाची खावटी त्याच्या नावावर. पण माती आली न्हाय, पाणी आलं न्हाय, मालकामुळं भट्टी बंद राहिली, तर मजूर बसून खाईल आणि ती खावटी मालकाच्या नावावर. हिशेबात मजुराची कापायची न्हाय. एकदा खाडीचं पाणी भट्टीत शिरलं. मालकानं बांध घातला नव्हता. आठ दिवस भट्टी बंद. मालक बोलला, अर्धी खावटी कापा. तर मालकीणबाई ओटीवरनं बोलल्या, बांध तुमचा, पाणी तुमचं, खावटी पण तुमची. मालकानं भरली. तवापास्नं सगळ्या खाडीकाठाला तोच कायदा."

"हे कुठल्या भट्टीवर?" मॅडमनी विचारलं. त्यांना नाव हवं होतं असं नाही. बोलणाऱ्याला थांबवू नये म्हणून माणूस विचारतो, तसं विचारलं.

"अंजूरला. केसरीनाथ शेठ." बायजाबाईने मान किंचित वळवली. "यांचे वडील."

मितेश खाली बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"आता माझं असं हाय, मॅडम. मी वेळेवर येते. वकील येतो. भट्टी पेटवायला दोघं तयार. माती कंपनीनं आणायची, ती हे आणत न्हाईत. मंग माझ्या माणसाला मी का खायला घालू? इतके दिवस घातलं. आज इचारते."

कंपनीचे वकील आता हसत नव्हते. "मॅडम, आमच्या मुदती सगळ्या सबळ कारणांसाठी होत्या. आणि फारच थोड्या."

"सतरा," बायजाबाई म्हणाली. "आजची अठरावी."

"काही लेखी आहे का?" मॅडमनी विचारलं.

पिशवीतून वही काढायला तिला वेळ लागला, कारण पाकीट आडवं आलं होतं. मितेशने वही घेतली. वर नेऊन देताना त्याने पहिल्यांदाच ती उघडली आणि चालता चालता त्याची पावलं जरा मंदावली. मुकादमाचं अक्षर, उभट आणि एकसारखं. एकतीस ओळी. मॅडमनी आपली डायरी शेजारी ठेवली आणि बोट खाली खाली नेऊ लागल्या. नऊ तारखांना काम झालं होतं. पाच सुट्टीत आणि पावसात गेल्या होत्या. उरलेल्या सतरा जुळत होत्या.

"वकीलसाहेब," मॅडम म्हणाल्या, "दाढ काढायची म्हणून तुम्ही तीनदा मुदत घेतली आहे."

"वेगवेगळ्या दाढा असतील, मॅडम."

"खालची उजवी. तिन्ही वेळा. यांनी लिहिलंय."

या वेळी टाइप करणारी बाईही हसली.

"मी इचारलं होतं त्यांना, फार दुखते का," बायजाबाई म्हणाली. "म्हणून लिवलं गेलं."

मॅडमनी वही मिटली. मग त्या टाइप करणाऱ्या बाईकडे वळून सावकाश बोलू लागल्या, जसं निकालातलं बोलतात. विरुद्ध पक्षाने आजवर अठरा वेळा मुदत घेतली. त्यामुळे तक्रारदार बाईंना प्रत्येक वेळी वकिलाचा खर्च सोसावा लागला. प्रकरणाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण तोवर हा खर्च त्यांनी का सोसावा, या त्यांच्या प्रश्नाला विरुद्ध पक्षाकडे उत्तर नाही. सबब प्रत्येक मुदतीचे पंधराशे, एकूण सत्तावीस हजार रुपये, वकिलाच्या फीपोटी, पुढच्या तारखेच्या आत. न भरल्यास विरुद्ध पक्षाचं शपथपत्र घेतलं जाणार नाही. आणि पुढची तारीख शेवटची.

"थेट वकिलांच्या नावे लिहू?" बाईने विचारलं.

"हो. नाव घाला." मॅडमनी मितेशकडे पाहिलं. "वकील तुम्हीच राहणार ना? नंतर आदेश बदलायला लावू नका मला."

तो प्रश्न साधा होता. आयोगात रोज विचारला जात असेल. पण मितेशच्या हातात कागद होता. बायजाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, आणि तिच्या डाव्या हाताने उजवा हात कोपराशी धरलेला होता, उभं राहिलं की धरायची तसा.

मितेशने कागदाची घडी घातली. मग आणखी एक. तो काळ्या कोटाच्या आतल्या खिशात गेला.

"हो, मॅडम. मीच."

"नाव?"

त्याने पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

बाहेर आल्यावर कंपनीचे वकील मागोमाग आले. आता त्यांना दाढ, दुःख काही नव्हतं. ते मितेशकडून बँकेचा नंबर मागू लागले, उद्याच टाकतो म्हणाले. बायजाबाईने वही पुढे केली.

"उद्या टाका. आज लिवा. तारीख, रक्कम आणि तुमची सही."

"अहो बाई, आदेश झालाय आता. माझ्या सहीला काय अर्थ?"

"आमच्या म्हाताऱ्याला लागते. सहीशिवाय त्याला झोप येत न्हाय."

त्यांनी लिहिलं. चांगल्या पेनाने लिहिलं आणि निघून गेले.

आयोगाच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. बायजाबाईने दोन कटिंग सांगितले आणि पिशवीतलं पाकीट काढून मितेशच्या मांडीवर ठेवलं.

"हे ज्याचं त्याला दे. पट्टी तशीच हाय."

मितेशने पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं."

"मला काय माहीत असणार? मी अंगठाछाप." ती सही करते हे त्याला माहीत होतं. सकाळी आपण काय बोललो, तेही त्याला आता आठवलं. "हिशेब ऐक. उक्तं चाळीस हजार. मी दिले साडेपंधरा. हे देणार सत्तावीस. किती झाले?"

"साडेबेचाळीस."

"म्हणजे तुझ्याकडनं माझं अडीच हजार येणं. निकालानंतर दे. घाई न्हाय." तिने चहावर फुंकर घातली. "मजूर मालकाचं देणं लागतो म्हणजे तो कुठं जात न्हाय, असं आमच्यात बोलतात."

मितेशला हसू आलं. ते त्याने लपवलं नाही. वकिलीच्या चार वर्षांत एवढ्या फीचा एकगठ्ठा आदेश त्याच्या नावावर पहिल्यांदाच झाला होता, तोही प्रकरण चालू असताना, आणि देणार समोरचा. त्याने आदेशाचा आकडा पुन्हा एकदा मनातल्या मनात म्हटला असावा, ओठ हलले.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर 'बाबा' आलं. मितेशने फोन बाकावर ठेवला आणि तसाच वाजू दिला. तो बंद होऊन पुन्हा वाजला.

"उचल की," बायजाबाई म्हणाली. "शेठचा फोन वाजत ठेवू नये. मला पण ऐकव. टपरीवर आवाज हाय."

त्याने स्पीकर लावला.

"दिलास का कागद?" केसरीनाथ शेठचा आवाज आला.

"न्हाय, बाबा." घरच्या माणसाशी बोलताना मितेशची जीभ आपोआप अंजूरची झाली. "माझी फी समोरच्यांनी भरायची असा आदेश झाला. सत्तावीस हजार. माझं नाव घातलंय त्यात."

"नाव कशाला घालू दिलंस? करार हाय पुढल्या महिन्यात, कळतंय ना तुला?"

"कळतंय. पण बायजामावशीनं आयोगात भट्टीचा कायदा सांगितला. मालकामुळं काम थांबलं तर खावटी मालकाच्या नावावर. तुमचं नाव घेऊन सांगितला. बांधाची गोष्ट पण."

पलीकडे शेठ खाकरले. मग लांबून, ओटीवरून असावं, एका बाईचं हसणं ऐकू आलं. हसणं जवळ आलं आणि फोन दुसऱ्या हातात गेला.

"बायजा हाय का तिथं?" मितेशच्या आईने, जानकीबाईंनी विचारलं.

"हाय, मालकीणबाय."

"माझी गोष्ट सांगितलीस काय गं मोठ्या सायबाला?"

"मॅडम हाईत. सांगितली. लिवून घेतली त्यांनी."

तसं काही लिहून घेतलं नव्हतं. मितेशने तोंड उघडलं आणि मिटलं.

"हात कसा हाय?"

त्या घरातून हा प्रश्न सहा वर्षांत पहिल्यांदा आला होता. बायजाबाईने ग्लास खाली ठेवला आणि उजवा हात उचलून पाहिला, जणू विचारल्यावर तपासायला हवा. छातीपर्यंत आला. तिथे थांबला.

"हाय तसाच. दोन भाकऱ्या होतात, बसून. म्हाताऱ्याला पुरतात." मग आवाज बदलून, "मालकीणबाय, एक काम होतं. अठरा तारखेला शेवटची तारीख हाय. पोरगं एसटीनं येतं आणि आयोगात बसल्या बसल्या पेंगतं. घरात गाडी उभी हाय असं ऐकते."

"गाडीचं मी कोण सांगणार? शेठला इचारते."

जानकीबाईंनी विचारलं नाही. त्यांनी फोन तसाच धरून ठेवला असावा. कोंबड्यांचा आवाज आला, मग कुणीतरी खुर्ची सरकवली. मितेश फोनकडे बघत राहिला. बायजाबाईने चहाचा शेवटचा घोट घेतला.

पलीकडून, जरा लांबून आणि कुणाकडेच न बघता बोलल्यासारखा, केसरीनाथ शेठचा आवाज आला.

"किती वाजता पायजे, इचार तिला."